कोपऱ्यातली कॉट

आमच्या बायकांच्या वॉर्डात 20 कॉट होत्या. विसावी कोपऱ्यात, संडासाच्या दाराला लागून. गर्दी झाली की जमिनीवर गाद्या पडायच्या, एकेका कॉटवर दोघी-दोघी झोपायच्या, पण विसावीवर जायला कुणी तयार नसे. पेशंटना कुणी काही सांगितलेलं नसायचं. मावशींच्या केरसुणीवरूनच त्यांना कळायचं. ती एकोणिसाव्या कॉटखालून फिरून यायची आणि विसावीच्या अलीकडे थांबायची.

मी 1994 साली नोकरीला लागले. महामार्गापासून जवळ असलेलं सरकारी रुग्णालय. कुठलं ते सांगत नाही. जे सांगणार आहे ते तेव्हा बऱ्याच ठिकाणी असंच होतं, आणि माझ्या तेव्हाच्या मैत्रिणी अजून मला दिवाळीला फोन करतात.

विसावी कॉट एचआयव्ही असलेल्या बाईची. तिच्या केसपेपरवर वर उजवीकडे लाल पेनाने गोल काढलेला असे. आत काही लिहायचं नाही, गुप्तता पाळायची ना! आणि गोल एवढा ठसठशीत की औषधाच्या खिडकीवरच्याला, एक्स-रेवाल्याला आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसालाही कळावं. राउंडला साहेब अठराव्या कॉटपाशी थांबून विचारत, "कोपऱ्यातली कशी आहे?" ती कोपऱ्यातली हे ऐकत पडलेली असे. जेवणाची थाळी स्टुलावर, आणि स्टूल पायाने पुढे सरकवलेलं. थर्मामीटर वेगळं. मी हे सगळं केलंय. दुसऱ्या कुणाची चुगली करत नाहीये.

ग्लोव्ह्जचं सांगते. आजच्या मुलींना खरं वाटत नाही, पण तेव्हा ग्लोव्ह्ज एकदा वापरून टाकायची वस्तू नव्हती. वापरलेले धुवायचे, उलटे करून वाळत घालायचे, फुगवून भोक आहे का बघायचं, पावडर लावायची, उजव्या-डाव्याच्या जोड्या जुळवायच्या आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायला लावायच्या. दुपारपाळीचं ते ठरलेलं काम, गप्पा मारत करायचं. भोक सापडलं तर जुन्या ग्लोव्हचं ठिगळ. अशा त्या मोजक्या जोड्यांतल्या दोन जोड्या आम्ही एकावर एक चढवायचो, विसाव्या कॉटकडे जायचं असलं की. पहिल्या एकोणीस जणींचं रक्त मात्र उघड्या हातांनी काढायचं. "ग्लोव्ह्ज घातले की शीर लागत नाही हाताला," असं प्रत्येक सीनियर सिस्टर म्हणायची, आणि दोन वर्षांत मीही म्हणायला लागले.

या एकोणीस जणींची तपासणी झालेली नाही, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. विसावीची झाली होती म्हणून ती विसावी. बाकीच्या 'स्वच्छ'.

या देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तोच मुळी उघड्या हातांनी. 1986 साल, चेन्नई. डॉक्टर सुनीती सोलोमन या तिथल्या मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. माहेरच्या गायतोंडे, आपल्या मराठी. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने रिमांड होममध्ये ठेवलेल्या, शरीरविक्रय करणाऱ्या बायकांचं रक्त गोळा केलं. हातात ग्लोव्ह्ज नाहीत. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि तपासायला वेल्लोरला नेले. त्यांतले काही पॉझिटिव्ह निघाले. मला ही गोष्ट प्रशिक्षणात कुणी सांगितली नाही, खूप उशिरा वाचली. वाचताना मनात आलं ते एवढंच, की तिला भीती वाटली नाही, कारण भीती वाटायला लागते ती माहिती तिच्याकडे अजून आलेली नव्हती. आमच्याकडे माहिती आली ती मात्र आधी भीतीच घेऊन आली. ओपीडीच्या भिंतीवरचं पोस्टर आठवतंय, कवटी आणि खाली 'एड्स म्हणजे मृत्यू'. त्या पोस्टरखालच्या बाकावर तपासणीसाठी माणसं बसायची. कोण बसेल हो?

प्रतिबंध हा शब्द आरोग्य खात्यात तेव्हा जो अर्थ घेऊन वावरत होता, त्याचा नमुना गोव्यात बघायला मिळाला. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेलं आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत एकट्याला 64 दिवस ठेवलं. गुन्हा काय, तर तो नियमित रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. कायद्याने तशी मुभा होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर तो स्वतः या कामात पडला, आणि 1992 मध्ये गेला. आमची विसावी कॉट या 64 दिवसांचीच धाकटी बहीण होती, एवढंच. कुलूप नव्हतं, पण गरजही नव्हती.

मग प्रशिक्षणं सुरू झाली. 1992 मध्ये नॅको, म्हणजे देशाची एड्स नियंत्रण संघटना, स्थापन झालीच होती, 1998 मध्ये राज्याची एड्स नियंत्रण संस्था आली, आणि आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून 'युनिव्हर्सल प्रिकॉशन्स' शिकवलं गेलं. प्रत्येक रक्त संसर्ग असलेलंच आहे असं धरून चालायचं. सुईला टोपण परत लावायचं नाही. आम्ही वहीत उतरवून घेतलं, पुरी-भाजी खाल्ली, हजेरीपटावर सह्या केल्या आणि परत येऊन सुईला टोपण लावायला लागलो. डाव्या हातात टोपण, उजव्यात सिरिंज. हाताची सवय ही वहीत बसत नाही.

शाळांमधून व्याख्यानंही दिली आम्ही. 2007 मध्ये राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली, त्यानंतर तर एका मुख्याध्यापकांनी मला दारातच थांबवून सांगितलं, "सिस्टर, रक्त आणि सुई एवढंच बोला. बाकीचं मुलांना कळतं." बाकीचं म्हणजे आपल्या देशात ज्या वाटेने सर्वात जास्त लागण होते तीच वाट. मी रक्त आणि सुई बोलले. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एकच प्रश्न आला, जो गेली तीस वर्षं प्रत्येक गावात येतोय: सलूनमधल्या ब्लेडने होतो का? डासांचा नंबर त्यानंतर. मला कधीकधी वाटतं, सलूनवाल्यांनी या महाराष्ट्राच्या मनातला सगळा न बोललेला विषय आपल्या डोक्यावर घेतलाय. ब्लेड बदललं की माणूस निर्धास्त.

याउलट सांगलीत 1992 पासून 'संग्राम' संस्थेने वस्तीतल्या बायकांच्याच हातात निरोध वाटण्याचं काम दिलं होतं, आणि 1996 मध्ये त्या बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. अशाच कामातली एक बाई एकदा आमच्या बैठकीला आली होती. आमचं रजिस्टर बघून हसली. "सिस्टर, तुमी मोजून देता. बाईनं म्हैन्याचं हिशेबानं मागायचं, तुमी नाव लिवणार, सही घेणार. मोजून दिलं की मोजून वापरत्यात." मला राग आला होता. ऑडिट तिला द्यायचं नसतं, मला द्यायचं असतं. पण रजिस्टरमध्ये नाव लिहायचंय म्हणून किती जणी खिडकीपासून परत गेल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच ऑडिटने मागितला नाही.

आता मुद्द्यावर येते. जानेवारी 2009. ऊसतोडीचा हंगाम, रात्रपाळी. तेव्हा मी लेबर रूमला होते. विसाव्या कॉटवर एक बाळंतीण होती, आधीपासून माहीत असलेली, गोळ्या सुरू असलेली. तिच्याकडे मी दोन ग्लोव्ह्ज, प्लास्टिकचा ॲप्रन, सगळा साज करून जाऊन आले होते. साडेतीनच्या सुमाराला ट्रॅक्टरमधून तोडणीवाल्या टोळीतली एक बाई आली. बीडकडची. नाव नोंदवलेलं नाही, कार्ड नाही, तपासणी कसली नाही. मी तिला दारातून आत घेतलं आणि दहा मिनिटांत मुलगा झाला. वार पडली, सगळं ठीक. तपासणीसाठी तिचं रक्त घेतलं, आणि दमलेल्या हाताने, उजेडाखाली, पंधरा वर्षांच्या सवयीने सुईला टोपण लावायला गेले.

टोपणाच्या कडेवरून सुई निसटली आणि डाव्या हाताच्या तर्जनीत गेली. दुखलं नाही फारसं. ग्लोव्हच्या आत एक लाल ठिपका दिसला, मग तो पसरला. मी बघत राहिले. मावशी म्हणाल्या, "पिळा, पिळा!" पिळायचं नसतं. बोट तोंडात घालायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, बस. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं होतं, म्हणून तेवढं आठवलं.

मग तिच्या रक्ताचा थेंब किटवर टाकून बसले. नियंत्रणाची रेघ आधी उमटते. ती आली. दुसरी येऊ नये म्हणून मी तिच्याकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. वीस मिनिटांनी बघितलं. दोन रेघा. दुसऱ्या किटवर दोन, तिसऱ्यावर दोन.

कोपऱ्यातली कॉट माझ्यापासून तीस पावलांवर होती. तिच्याकडून मला काही झालं नव्हतं.

प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, दोन तासांत मिळाल्या तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. गोळ्या आमच्याकडे होत्या. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेले होते. पहाटे सहाला कुलूप फोडलं. नंतर त्या कुलपाबद्दल मला खुलासा लिहून द्यावा लागला, सुईबद्दल कुणी विचारलं नाही.

28 दिवसांचा कोर्स. अशा सुईतून लागण होण्याची शक्यता 0.3 टक्का, म्हणजे हजारात तीन. हा आकडा मी कितीतरी घाबरलेल्या मुलींना पाठीवर हात ठेवून सांगितला होता. दुसऱ्याला सांगताना हजार हा शब्द मोठा ऐकू येतो. रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलं की तीनच ऐकू येतो.

आणि मी काय केलं? लपवलं. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान. गोळ्यांची बाटली सासूबाईंना दिसू नये म्हणून गोळ्या मेथीदाण्याच्या डब्यात ओतल्या, कारण मेथी आमच्या घरात फक्त मी काढते. मळमळ इतकी की सासूबाईंना वेगळाच संशय आला आणि त्या खूश झाल्या, वयाच्या अडतिसाव्या वर्षी सून परत गरोदर म्हणून! दवाखान्यात फक्त मेट्रन आणि साहेबांना माहीत होतं, तरी आठवडाभरात माझा चहाचा कप वेगळा ठेवला जाऊ लागला. कुणी काही बोललं नाही. कपबशांच्या रांगेत माझा कप कडेला असायचा, एवढंच.

हे एसटीत कंडक्टर. त्यांना सांगणं भाग होतं. सगळं ऐकून बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सहा महिने? रजा मिळेल ना तेवढी?" मी म्हटलं, रजेचं नाही, दुसरं. आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. लाकडी मॉडेलवर निरोध कसा चढवायचा, हवा कशी काढायची, हे मी शेकडो बायाबापड्यांना दाखवलंय, पदराआड हसणाऱ्यांना रागावलेय, "यात लाजायचं काय?" म्हणून. स्वतःच्या नवऱ्याला पंधरा वर्षांच्या संसारात तो शब्द कधी म्हटला नव्हता. कॉपर-टी होती, गरज पडली नाही, असं मी मला सांगत आले होते. शेवटी कागदावर लिहून दिलं. दवाखान्यातून आणता येईनात, रजिस्टरला नाव लागतं. मग हे दोन स्टॉप पुढच्या गावातल्या मेडिकलमधून घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि टेबलावर ठेवून बाहेर जाऊन बसले.

तपासणी दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. आमच्याकडे करायची हिंमत झाली नाही. शेजारच्या तालुक्याला गेले, साध्या साडीत, डोक्यावरून पदर घेऊन. बाकावर सातजण होते आणि सातही जण समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होते. आतली समुपदेशक पंचविशीतली मुलगी. नावाने हाक मारली नाही, नंबर पुकारला. दार लावलं. मग मला अगदी पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, एचआयव्ही म्हणजे काय इथपासून. मी सिस्टर आहे हे सांगितलं नाही. ऐकून घेतलं. माझ्या हातापासून तिचं टेबल किती जवळ आहे, ती मागे सरकून बसत नाहीये, एवढंच मी बघत होते. आम्ही प्रतिबंधावर इतकी प्रशिक्षणं घेतली, दिली, पण माणूस दुसऱ्यांदा का येतो आणि का येत नाही, ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तिने दार लावलं होतं म्हणून मी तीन महिन्यांनी परत गेले. तिथे लाल गोल असता तर गेले नसते. आणि मी तर सुशिक्षित, पगारी, गुन्हा न केलेली. या 'गुन्हा न केलेली'चीच मला सर्वात जास्त लाज वाटते. त्या दिवसांत मी ज्याला त्याला मनातल्या मनात सांगत होते, मला सुईतून झालंय, तसलं नाही काही.

तिन्ही वेळा निगेटिव्ह.

तोडणीवाली बाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. टोळी पुढच्या फडाला चालली होती, मुकादम खाली हॉर्न वाजवत होता. मी तिला पडदा ओढून जमेल तेवढं सांगितलं. तिने फक्त एक विचारलं, "पाजू का याला?" तेव्हा आमचा गोंधळ असायचा. वरचं दूध स्वच्छ देऊ शकणार असाल तर, असं काहीतरी आम्ही पढवलेलं बोलायचो. पालाच्या झोपडीत उकळलेलं पाणी आणि बाटली कुठून आणायची? शिवाय बाटली दिसली की पालावरच्या बायका विचारणार, अंगावर का नाही पाजत. बाटली हाही एक लाल गोलच. आता सहा महिने फक्त आईचंच दूध, वरचं काही नाही, आणि आईच्या गोळ्या चालू, असं स्पष्ट सांगतात. मी तिला पाज म्हणाले. आईकडून लागण होऊ नये म्हणून बाळाला नेव्हिरापिनचे थेंब दिले होते. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. नवऱ्याला तपासायला आण म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोलले नाही. बायकांचं असंच असतं. बाळंतपणासाठी बाई दवाखान्यात येते म्हणून तिची तपासणी आधी होते, आणि आधी सापडली म्हणून घरात तिनेच आणला. सासरची माणसं तारखा बघत नाहीत.

ती परत आली नाही. पुढच्या गावाला कळवलं, तिथेही पोचली नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'एलएफयू', म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेली. पुढच्याच वर्षापासून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेऊन तपासायची सोय झाली. चार तास ते कार्ड हात न लावता वाळत ठेवायचं. पाच गोल असतात त्यावर, थेंबाने नीट भरायचे. मी अशी कितीतरी कार्डं वाळवली. बरीचशी निगेटिव्ह आली. आई गोळ्या घेत असली तर आता जवळजवळ सगळीच येतात. पहिल्या काही कार्डांच्या वेळी मी हिशेब करायचे, त्याचं वय आता किती असेल. मग सोडून दिलं.

पुढे बरंच बदललं. 2004 च्या एप्रिलपासून एचआयव्हीवरची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, मोजक्या आठ केंद्रांवर मिळू लागली होती, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. ती हळूहळू तालुक्यापर्यंत आली. आज रोज एक गोळी. विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली गेलं आणि तसंच राहिलं, तर त्या माणसाकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, आणि अशा रक्ताच्या सुईचा धोकाही खूप कमी.  म्हणजे दोन ग्लोव्ह्ज घालून आम्ही जिच्याकडे जायचो, ती गोळ्या घेणारी, तपासलेली बाई बऱ्याचदा त्या वॉर्डातली सर्वात कमी धोक्याची होती. 2018 च्या 10 सप्टेंबरपासून कायदाही लागू झाला. संमतीशिवाय कुणाचं कळवायचं नाही, उपचार नाकारायचे नाहीत. लाल गोल गेला. त्याच कायद्यात आमच्यासाठीही कलम आहे, कर्मचाऱ्यांना संरक्षक साहित्य आणि लागल्यास गोळ्या देणं संस्थेवर बंधनकारक. हे कलम मी स्वतः टाइप करून ड्युटीरूममध्ये लावलं होतं. रंगकामात गेलं ते.

निवृत्तीच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. नवी मुलगी, हुशार, हात हलका. ड्युटीरूममध्ये येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, नऊ नंबरच्या उशीखाली गोळ्यांची बाटली बघितली मी. एआरटीची आहे. केसपेपरवर कुठेच काही नाही. आपल्याला सांगायला नको का कुणी? मी सकाळी तसंच सलाइन लावलं तिला."

"तसंच म्हणजे?"

"ग्लोव्ह्ज न घालता."

"आणि आठ नंबरला? दहाला?"

ती बघत राहिली. मग काही न बोलता ट्रॉलीकडे गेली, ग्लोव्ह्जचा खोका उचलला, हलवून बघितला आणि उलटा धरला. रिकामा होता. शनिवारची दुपार. स्टोअर सोमवारी दहाला उघडणार होतं.